विकलेल्या घरातले भाडेकरू

घर विकायचे, खरेदीखताची नोंदणी करून पैसे घ्यायचे आणि मग त्याच घरात नव्या मालकाला भाडे देत काही महिने राहायचे, हा प्रकार आमच्यावर येईपर्यंत मला थोडा हास्यास्पद वाटत असे. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तसे केले होते आणि ‘स्वतःच्याच घरात भाड्याने राहतात’ म्हणून त्यांची माघारी थट्टाही झाली होती. माणसे हे हौसेने करत नाहीत. पैसा ज्या क्रमाने हाती येतो आणि ज्या क्रमाने तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, तो क्रमच त्यांना तिथे आणून सोडतो.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर होते, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ह्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला होता. कोलशेतला एक तयार फ्लॅट पसंत पडला. मात्र त्यात एक कुटुंब भाड्याने राहत होते, त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती आणि त्यांचा करार मे महिन्याच्या अखेरीस संपणार होता. त्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर घराबाहेर काढा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? तिकडच्या मालकांना मात्र पैसे जानेवारीतच हवे होते. ते पैसे येणार होते आमचे घर विकून, आणि आमचे घर घेणारे डोंबिवलीचे तरुण जोडपे बँकेचे कर्ज काढणार होते. बँक नोंदणीच्या दिवशीच धनाकर्ष देते, त्यामुळे नोंदणी लांबवली असती तर कोलशेतचा व्यवहार मोडला असता, आणि नोंदणीबरोबर घर रिकामे केले असते तर चार महिने सामानासकट कुठे जायचे हा प्रश्न होता. दोनदा सामान हलवणे आमच्या वयात शिक्षाच आहे. मधला मार्ग एकच उरला.

अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. तिथे व्यवहार पूर्ण झाल्यावरही विकणारा काही दिवस घरात राहतो, दर दिवसाप्रमाणे भाडे ठरते आणि पुष्कळदा ते आधीच वळते करून घेतले जाते. तिथल्या मुदतीमागचे कारण मला फार व्यवहारी वाटले. स्वतः राहण्यासाठी म्हणून कर्ज घेणाऱ्याने साधारणपणे 60 दिवसांच्या आत त्या घरात राहायला जावे, अशी कर्जाची अट असते. म्हणून विकणाऱ्यालाही सहसा 60 दिवसांपलीकडे राहू देत नाहीत. कॅलिफोर्नियात तर दलालांच्या संघटनेने 30 दिवसांहून कमी मुक्कामासाठी एक आणि त्याहून लांब मुक्कामासाठी दुसरा असे वेगवेगळे छापील नमुनेच केले आहेत. आपल्याकडे असा छापील नमुना नाही. आपल्याकडे भीड आहे, आणि या प्रकारात सगळ्यात जास्त नुकसान तीच करते, असे माझे मत आहे.

आमच्या जोडप्याने पहिल्याच बैठकीत सांगून टाकले, “काकू, चार महिन्यांचं कसलं भाडं? राहा की निवांत. आम्हाला कुठे घाई आहे?” मनापासूनच म्हणाले होते. पण मी आयुष्यभर हिशेब खात्यात नोकरी केली आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची मुदत कोणीच मोजत नाही आणि मनातला आकडा मात्र दर महिन्याला वाढत जातो, हे मी कागदांत पुरेसे पाहिले आहे. शिवाय त्यांचा हप्ता सुरू होणार होता आणि डोंबिवलीच्या घराचे भाडेही चालूच राहणार होते. फेब्रुवारीत जे औदार्य वाटले असते, ते एप्रिलमध्ये त्या मुलीला, आणि विशेषतः तिच्या सासूबाईंना, तसे वाटले नसते. म्हणून बाजारात त्या गल्लीत जे भाडे चालू होते तेच आम्ही देऊ, महिना तीस हजार आणि अनामत एक लाख, असे मीच ठरवले. ह्यांना ते जरा कोरडे वाटले. मला तसे वाटले नाही.

आमचे वकील मात्र भाड्यापेक्षा ताब्याविषयी जास्त हट्टी होते. नोंदणीनंतर त्यांच्या कार्यालयात आम्ही सगळे बसलो होतो. ताबापत्रावर आमच्या सह्या झाल्यावर त्यांनी मला पर्समधून किल्ल्या काढायला सांगितल्या. लॅचची, सेफ्टी डोअरची, पत्रपेटीची बारकी आणि गच्चीच्या दाराची एक, जी सोसायटीने कधीच कुलूप बदलल्यामुळे गेली कित्येक वर्षे कशालाच लागत नव्हती. तो जुडगा मी टेबलावर ठेवला. त्या मुलाने तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि वकिलांकडे पाहिले. त्यांनी भाडेकरार पुढे सरकवला, चौघांच्या सह्या झाल्या आणि त्याच मुलाने तोच जुडगा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांना हसू आले, वकील तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, “आत्तापर्यंत तुम्ही हक्काने राहत होतात. आता परवानगीने राहता आहात. हा फरक तुमच्यापैकी कोणी विसरलं, तर कागद आठवण करून देईल.”

या परवानगीचा कायदा आपल्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो आणि राहणाऱ्याला फक्त वापराची मुभा मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. तो न नोंदवल्यास जबाबदारी मालकाची, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 24 आणखी टोकदार आहे. मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मागू शकतो आणि जास्तीच्या मुक्कामाबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे कलम मसुद्यात वाचताना त्या मुलाला इतके अवघडल्यासारखे झाले की, “हे काढून टाकूया, काका-काकूंच्या बाबतीत कशाला,” असे तो म्हणाला. ते राहू द्या, असे मी सांगितले. करारातून काढले म्हणून ते कायद्यातून थोडेच जाणार होते?

खर्च म्हणाल तर नगण्य. चार महिन्यांचे भाडे एक लाख वीस हजार, त्यात अनामतीवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले काल्पनिक व्याज, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क; म्हणजे तीन-चारशे रुपयांचा मामला. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठ्याचे यंत्र घेऊन एजंट घरी आला आणि आमच्याच जेवणाच्या टेबलावर आम्ही आमच्याच घराचे भाडेकरू झालो. भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवण्याच्या अर्जात गंमत झाली. भाड्याच्या घराचा पत्ता आणि आमचा कायमचा पत्ता एकच येत होता. एजंट जरा थबकला आणि म्हणाला, “गावचा टाका ना.” तेव्हापासून पोलिसांच्या दप्तरी आम्ही चिपळूणहून ठाण्यात भाड्याने राहायला आलेले वृद्ध दांपत्य आहोत.

वकील ताब्यावर आणि बाजारभावावर इतके अडून का बसले होते, हे मी नंतर त्यांना विचारले. त्यांनी उत्तरात जुनी सावकारी काढली, आणि मला ते अगदी पटले. जमीन विकून त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबणे हा महाराष्ट्राला फार जुना अनुभव आहे. मुदत खरेदीचे खत व्हायचे: शेतकरी सावकाराला जमीन ‘विकत’ असे, ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर ती परत मिळायची, आणि तोपर्यंत तो तिथेच खंडाने शेती करत राहायचा. कागदावर विक्री, प्रत्यक्षात कर्ज. मुदत टळली की जमीन गेली. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला जो उठाव झाला आणि मग पुणे-नगरच्या गावागावांत पसरला, त्यात लोकांनी सर्वाधिक त्वेषाने शोधले आणि जाळले ते सावकारांच्या घरातले कागद. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. 1929 मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अशीही दुरुस्ती झाली की परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल, तर त्या विक्रीला गहाण म्हणता येणार नाही.

या इतिहासाचा आमच्या नौपाड्याच्या फ्लॅटशी संबंध असा की, विक्री खरी की कर्जाचा बुरखा, हे ठरवताना न्यायालये ज्या खुणा पाहतात, त्यांत दोन ठळक आहेत: किंमत बाजारभावाहून फार कमी आहे का, आणि विकणारा विकल्यानंतरही तिथेच राहिला आहे का. त्यातली दुसरी खूण आमच्या व्यवहारात ठसठशीत होती. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही सावकारीतून बळकावलेली मालमत्ता, पंधरा वर्षांमागची का असेना, तपासून मूळ मालकाला परत देण्याची तरतूद आहे. उद्या आमच्या मुलाने किंवा आणखी कोणी ‘आईवडिलांनी कर्ज घेतले होते, घर कुठे विकले होते, ते तर तिथेच राहत होते’ असा दावा करू नये, म्हणून ताबापत्र वेगळे, भाडेकरार वेगळा, मुदत पक्की आणि भाडे बँकेतून. किल्ल्यांचा तो लहानसा नाटकीपणा त्या तरुण जोडप्याच्या संरक्षणासाठी होता.

प्रत्यक्ष राहू लागल्यावर घोळ सुरू झाला तो सोसायटीत. सोसायटीच्या वहीत भागपत्र अजून आमच्याच नावावर होते, कारण हस्तांतराचा अर्ज कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत यायचा होता. तो मंजूर झाल्यावर नव्या नावाने बिल आले आणि त्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसची ओळ होती, सेवाशुल्काच्या दहा टक्के. 1 ऑगस्ट 2001 च्या शासकीय आदेशाने ती मर्यादा घालून दिली आहे आणि सभासद स्वतः राहत नसेल तर ती रक्कम घेणे सोसायटीच्या हक्कातले आहे. सेक्रेटरींना मात्र अपराधी वाटत होते. इमारत झाल्यापासून त्या घरात तेच दोघे राहत आहेत, मग ‘राहत नाही’ म्हणून पैसे कसे घ्यायचे? मी त्यांना सांगितले की घ्या, सभासद बदलला आहे. रक्कम दोनशेच्याही आत होती. वार्षिक सभेची सूचना आम्हाला आली नाही, तेव्हा मात्र मला लागले. पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षे मीच भांडत आले होते आणि त्या वर्षी टाकीचाच विषय होता.

एका रविवारी ते जोडपे सुताराला आणि गवंड्याला घेऊन आले. करारात एक दिवस आधी कळवण्याची अट होती. त्यांनी तीन दिवस आधी कळवले होते. गवंड्याने स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केले, दाराच्या कडेला पट्टी लावली आणि म्हणाला, “साडेचार इंची आहे, निघेल.” माझे देवघर त्याच भिंतीला टेकलेले होते. ती मुलगी एकदम गप्प झाली. आपण काही दुखावले का, म्हणून माझ्याकडे पाहू लागली. सुताराने तोवर देवघराच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढलीही होती. मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू. पण त्याहूनही आधी माझ्या तोंडून निघाले ते हे, की त्या रेघेखालून वायरिंग गेले आहे, कंत्राटदाराने ते सरळ न नेता तिरके नेले होते, छिन्नी मारायच्या आधी मुख्य बटण बंद करा. मग तासभर मी त्या गवंड्याला घर दाखवत होते: पावसात कुठल्या कोपऱ्यात ओल येते, कुठला नळ उलटा फिरतो, खिडकीच्या वरचा छज्जा कधी भरला. रिकाम्या घराचा ताबा घेणाऱ्याला ही माहिती कोण देणार? विकणारा मागे राहिल्याचा असा फायदा होतो हे मला तरी आधी सुचले नव्हते.

गळतीचे प्रकरण त्याहून नाजूक निघाले. आमच्या न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्यावरच्या छतात पाणी उतरू लागले आणि खालच्या वहिनी सवयीप्रमाणे माझ्याकडेच आल्या. करारात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची आणि मोठी मालकाची असे लिहिले होते, म्हणजे कागदाने ती त्या मुलाची. परंतु गळती काही नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी जन्माला आली नव्हती. घरातला माहीत असलेला आणि सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असेही कायदा म्हणतो. आम्हाला तो माहीत नव्हता हे खरे, पण ते सिद्ध कसे करणार? तो मुलगा “काकू, तुमचा काय दोष,” म्हणत राहिला आणि हे “पूर्ण खर्च आम्ही देतो,” म्हणत राहिले. दोन्हीकडची भीड अशी एकमेकींना भिडली की प्लंबरला कोणीच बोलावेना आणि खालच्या वहिनींचे छत ठिबकत राहिले. शेवटी मी निम्मे-निम्मे ठरवून प्लंबरला फोन लावला. माझी शिफारस विचाराल, तर अशा करारात पहिल्या पानावरच लिहावे: जुनी गळती निघाली, तर खर्च कोणाचा.

मेअखेर आम्ही निघालो. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो, गॅसचे शेवटचे बिल, भिंतीतले खिळे जसेच्या तसे, आणि अनामतीतून महावितरणच्या शेवटच्या बिलापुरती रक्कम वजा करून बाकीची त्याच संध्याकाळी खात्यात. कोलशेतच्या कुटुंबाने मुदत पाळली नसती तर मात्र आमची फजिती होती, कारण दुप्पट भरपाईचे कलम आम्हाला लागू झाले असते आणि मीच ते राहू दिले होते. या साखळीत प्रत्येकाची तारीख दुसऱ्याच्या तारखेवर उभी असते. पुढचे घर बांधून व्हायचे असेल, भोगवटा प्रमाणपत्र यायचे असेल, तर हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. रेरा कायद्याखाली विकासकाकडून विलंबाचे व्याज मिळेल. पण ते व्याज मिळेपर्यंत विकलेल्या घरात कोणत्या अधिकाराने बसून राहायचे?

आता आमचे पाहून त्याच इमारतीतल्या एक आजी विचारत आहेत की, त्यांनीही घर विकून तिथेच राहिले तर चालेल का. फरक इतकाच, की त्यांना चार महिने नव्हे, अखेरपर्यंत राहायचे आहे. एकट्या आहेत, पेन्शन तुटपुंजी आहे, मुलगा पुण्यात असतो आणि घराची किंमत कोटीच्या पुढे आहे. एका दलालाने त्यांना सांगितले आहे की, थोडी कमी किंमत घ्या, गिऱ्हाईक तुम्हाला हवे तितके दिवस राहू देईल. मी त्यांना स्पष्ट ‘नको’ म्हटले. परवानगी ही जमिनीसारखी टिकणारी वस्तू नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 प्रमाणे मालकाने घर पुढे तिसऱ्याला विकले, तर तो नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या परवानगीने बांधलेला नसतो. इंग्लंडमध्ये नेमके हेच झाले. हप्ते थकलेल्यांनी राहू देण्याच्या आश्वासनावर स्वस्तात घरे विकली, वर्षा-दोन वर्षांत भाडे वाढले किंवा घेणाऱ्याचेच कर्ज बुडाले, आणि लोक रस्त्यावर आले. 2009 मध्ये तिथल्या वित्तीय नियामकाने हा धंदा नियमांखाली आणला आणि 2012 मध्ये तो जवळपास बंदच करायला लावला.

आजींच्या गरजेसाठी आपल्याकडे 2007 पासून रिव्हर्स मॉर्गेज आहे. साठीच्या पुढच्या माणसाने घर बँकेकडे तारण ठेवायचे, बँकेने त्याला ठरावीक रक्कम देत राहायचे, आणि पती-पत्नीपैकी शेवटचे माणूस असेपर्यंत किंवा ते कायमचे घर सोडेपर्यंत परतफेड मागायची नाही. घर नावावरच राहते. योजना चांगली असून तिच्याकडे लोक फारसे फिरकले नाहीत, कारण मुलांसाठी घर मोकळे ठेवावे असे आईवडिलांना वाटते, आणि मुलांनाही ते तसेच वाटते. आजींनी ते उघडच बोलून दाखवले: “मुलाला काय वाटेल?” मुलाला विचारले तर त्याला काहीच वाटले नाही, ‘आईला जिने चढायचे नसतील तर लिफ्टच्या घरात ने, नाहीतर तिला पैसे मिळू देत,’ इतकेच तो फोनवर म्हणाला. तो पुढच्या महिन्यात येऊन बँकेत चौकशी करणार आहे. घराचे मूल्यांकन करायला माणूस येईल, तेव्हा मी तिथे असावे अशी आजींची अट आहे, कारण त्यांच्या न्हाणीघराखालीही तीच पाइप गेली आहे आणि ती कुठे गळते हे मला ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.